किल्ली कुणाकडे राहणार, ते आधी ठरवा

पत्र : ताई, आमची शाळा परळ-लालबाग भागातली. अनुदानित, मराठी माध्यमाची. सहावी ते आठवीच्या मिळून सहा तुकड्या, तुकडीत चाळीसेक मुलं. आमच्या काही माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या कंपनीत वापरलेले वीस संगणक शाळेला द्यायचं कबूल केलंय. संस्थेच्या अध्यक्षांना २६ जानेवारीला उद्घाटन हवंय. आमचे गणिताचे ज्येष्ठ सर म्हणतात, ‘पोरांच्या हातात मोबाइल आहेतच, आता आणखी हे कशाला?’ पालकांत दोन तट पडलेत. काही म्हणतात, इंग्रजी शाळांत केव्हाचं आहे, आपल्याकडेच का नाही. काहींना इंटरनेटची धास्ती वाटते. संगणक शिकवायला वेगळं पद नाही. एक एजन्सी म्हणते, दर मुलामागे महिन्याला अमुक द्या, माणूस आमचा, अभ्यासक्रम आमचा. आणि इंटरनेट घेतलं तर मुलं काय बघतील याची जबाबदारी शेवटी माझ्याच गळ्यात ना? काय करू?
— एक मुख्याध्यापिका

उत्तर :

बाई, नमस्कार.

तुम्ही बरंच काही विचारलंत, पण ज्यावर सगळं अडणार आहे ते विचारायचं राहिलं. त्या खोलीची किल्ली कुणाकडे राहणार?

मुंबईतल्या मराठी शाळांमधले संगणक कक्ष तुम्हीही पाहिले असतील. लोखंडी ग्रिलचं दार, त्याला कुलूप, बाहेर ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी, आत प्लॅस्टिकच्या कव्हराखाली ओळीने झोपलेली यंत्रं. तपासणीच्या दिवशी कव्हरं निघतात. लोक म्हणतात शिक्षकांना येत नाही म्हणून खोली बंद असते. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत आहे. माउस, कीबोर्ड, हेडफोन, सगळं त्या वहीत चढतं आणि ज्याच्या ताब्यात खोली त्याच्या सहीने चढतं. वर्षाअखेरीस दोन माउस कमी भरले तर उत्तर त्याने द्यायचं. अशा वेळी शहाणा माणूस काय करील? कुलूप लावील आणि किल्ली खिशात ठेवील. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक साधा ठराव करून घ्या. माउस, कीबोर्ड, हेडफोन, वायरी या वापरून झिजणाऱ्या वस्तू आहेत, खडू-डस्टरसारख्या. त्या मोडल्या तर शिक्षकाकडून वसुली नाही. संगणक आणि मॉनिटर डेडस्टॉकला जाऊ देत, पण शाळेच्या नावावर, एका माणसाच्या नाही. किल्ली ऑफिसात खिळ्याला टांगलेली, शेजारी वही, जो नेईल त्याने वेळ लिहायची. हा ठराव झाल्याशिवाय कंपनीचा टेम्पो फाटकात घेऊ नका. माझ्या मते तुमच्या सगळ्या खटाटोपात हाच कागद सर्वांत मोलाचा ठरेल.

आता संगणक. ‘वीस देतो’ म्हणणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचे आभार माना आणि लगेच विचारा की प्रोसेसर कुठला, मेमरी किती. कंपन्या यंत्रं बदलतायत त्याला कारण आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार थांबवला, आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. तसे निघाले तरी नाराज होऊ नका, त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून घ्या. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. मेमरी आठ जीबी आणि जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क, एवढं केलं तरी पाच मिनिटं गुरगुरत सुरू होणारं यंत्र अर्ध्या मिनिटात उठतं. दोन्ही गोष्टी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतात, आणि हा खर्चही देणगीदारांनीच उचलावा असं सांगायला संकोच करू नका. शाळेचं नाव घेऊन भंगार खाली करून जाणारे देणगीदारही असतात. तुमचे तसे नसतील, पण यादी करून, प्रत्येक यंत्र सुरू करून बघितल्यावरच पोचपावती द्या.

वीसच्या वीस खोलीत कोंबू नका. दहा खोलीत. एक वाचनालयात, एक शिक्षकांच्या खोलीत. दोन-तीन सुट्या भागांसाठी बाजूला. उरलेले घेऊच नका.

दहा यंत्रं आणि चाळीस मुलं, हे गणित असं बसवा. यंत्रं भिंतीलगत तिन्ही बाजूंनी, मॉनिटरचे पडदे खोलीच्या मध्याकडे, म्हणजे मुलांची पाठ मध्यावर उभ्या शिक्षकाकडे. मधे लांब टेबलं आणि बाकं. आठवड्यातून एकदा प्रत्येक तुकडीला जोडतास. वीस मुलं जोडीजोडीने यंत्रावर, वीस मधल्या बाकांवर कागद-पेन्सिल घेऊन त्याच कामाचा पुढचा भाग करताहेत; पहिला तास संपला की अदलाबदल. एक शिक्षक पुरतो. सहा तुकड्यांचे आठवड्याला बाराच तास खर्ची पडतात. बाकी वेळ खोली भूगोलाच्या बाईंना, विज्ञानाच्या सरांना, कुणालाही मोकळी.

एका यंत्रावर दोन मुलं ही तडजोड आहे असं समजू नका. बडोद्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांवर याचा नीट अभ्यास झाला होता. तिथला कार्यक्रम ‘प्रथम’चा, म्हणजे आपल्या मुंबईतच सुरू झालेल्या शिक्षणसंस्थेचा. दोन मुलांत एक संगणक, आठवड्याला दोन तास, गणिताचे खेळ. २००७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांचं गणित चांगलंच सुधारलं, भाषेत फरक पडला नाही, आणि कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला. गुजरातेतच झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात तर संगणक शिक्षकाच्या तासाऐवजी वापरला तेव्हा मुलं नेहमीपेक्षा कमी शिकली. शाळेनंतर, जादा म्हणून वापरला तेव्हा फायदा झाला, आणि तो मागे पडलेल्या मुलांना जास्त. उलट पेरू देशाने आठ लाखांहून जास्त लॅपटॉप मुलांना वाटले आणि २०१२ च्या मूल्यमापनात गणित-भाषेत काही फरक दिसला नाही.

हे तुमच्या गणिताच्या सरांना जरूर दाखवा. ते विरोधक आहेत असं मला पत्रावरून वाटत नाही. त्यांना भीती आहे की गणिताचा तास कापून तिथे ‘कॉम्प्युटर’ बसवतील. त्यांना शब्द द्या की गणिताच्या तासाला हात लागणार नाही, आणि शाळा सुटल्यावरच्या पाऊण तासात कच्च्या मुलांसाठी खोली त्यांच्या हवाली. ते हो म्हणतील असा माझा अंदाज आहे.

मोबाइलबद्दल ते म्हणतात त्यात तथ्य आहे, पण अपुरं. तुमच्या भागातल्या किती घरांत मोबाइल मुलाचा स्वतःचा आहे? बहुतेक ठिकाणी तो बाबांचा असतो आणि बाबा रात्री नऊला येतात. ज्या मुलाला मिळतो, त्याचा अंगठा रील सरकवण्यात पटाईत. त्यालाच म्हणा, ‘चार ओळी टाइप कर, फाइलला नाव दे, उद्या हीच फाइल उघडून पाचवी ओळ घाल.’ बघा कसा गडबडतो. फाइल कुठे ठेवली हे त्याला सांगता येत नाही, कारण मोबाइलने त्याला ते कधी विचारलेलंच नाही. शिकवायचं आहे ते इथून सुरू होतं.

टायपिंग मराठीतूनच सुरू करा, आणि इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर. विंडोज असो वा लिनक्स, ते आतच असतं, काही उतरवून घ्यावं लागत नाही. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, ही मांडणी सहावीच्या मुलाला पंधरा दिवसांत जमते. मोबाइलवर ‘majhi shala’ छापाचं मराठी लिहिणाऱ्या मोठ्यांनाच ती जड जाते.

इंटरनेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. घ्या. पण पहिलं सत्र त्याच्याशिवाय काढा. किविक्स नावाची मोफत सोय आहे, तीत मराठी विकिपीडिया पूर्ण उतरवून ठेवता येतो. स्क्रॅच हे मुलांसाठीचं प्रोग्रॅमिंगही जोडणीशिवाय चालतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, तीही यंत्रावर टाकून ठेवा. तोवर शिक्षकांच्या खोलीतल्या एका यंत्राला जोडणी द्या आणि ती फक्त शिक्षकांना वापरू द्या. सहामाहीपर्यंत ज्या बाईंनी स्वतः काही शोधून वर्गात वापरलं, त्या बाईंनाच पुढे मुलांना काय विचारायचं ते सुचतं.

कारण खरी अडचण काय विचारायचं हीच असते. आज ‘प्रकल्प’ म्हटलं की काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. मूल झेरॉक्सच्या दुकानात जातं, ‘जलप्रदूषण, सातवी’ असं सांगतं, दुकानदार रंगीत चौकटीची चार पानं काढून देतो. वरचं नाव फक्त मुलाचं. शाळेत इंटरनेट आलं आणि प्रश्न ‘जलप्रदूषणावर माहिती लिहा’ हाच राहिला, तर एवढंच होईल की झेरॉक्सवाल्याचं गिऱ्हाईक तुटेल.

मी तुमच्या जागी असते तर जूनमध्ये एकच प्रकल्प घेतला असता, पाऊस. स्टीलचा सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा गच्चीवर मोकळ्यावर ठेवा, उडू नये म्हणून भोवती विटा लावा. रोज सकाळी साडेआठला दोन मुलांनी वर जाऊन पट्टी बुडवायची, मिलिमीटर वाचायचे, डबा रिकामा करायचा. साडेआठच का? कारण हवामान खात्याचा चोवीस तासांचा आकडाही सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. मुंबईत त्यांची दोन मुख्य केंद्रं, कुलाबा आणि सांताक्रूझ. बाई शिक्षकांच्या खोलीतल्या यंत्रावर संकेतस्थळ उघडून ते दोन आकडे मुलांना देतील, तिसऱ्या रकान्यात मुलांचा आपला, परळचा. तक्ता स्प्रेडशीटमध्ये, आलेख आपोआप. रविवारी डबा कोण वाचणार? कुणी नाही, म्हणजे सोमवारचा आकडा दोन दिवसांचा, आणि तो तसा लिहायचा, नाहीतर आलेख खोटं बोलेल. हे मुलांना सांगू नका, सोमवारी तो सुळका बघून त्यांनाच विचारू दे.

आणि मग, मुलांना जोडणी मिळाली की, २६ जुलै २००५ चे आकडे शोधायला सांगा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७३. शहर एकच, दिवसही तोच! ‘मग त्या दिवशी आपल्या गल्लीत किती पडला असेल?’ याचं तयार उत्तर सहज सापडत नाही. घरी जाऊन आजीला विचारावं लागतं की पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. कुणी सांगेल घोटाभर, कुणी कमरेएवढं. मग जवळच्या हिंदमाता चौकात पाणी का तुंबतं आणि आपल्या दारात का नाही, हा प्रश्न निघतो, आणि तिथे भूगोलाच्या बाई लागतात, नकाशा लागतो, चढ-उतार लागतात. अशा प्रकल्पात इंटरनेटचं काम दहा मिनिटांचं असतं. तेवढंच असावं.

चॅटजीपीटीसारख्या गोष्टींचंही तेच. या वयात मुलांना खाती काढून देऊ नका. बाईंनी प्रोजेक्टरवर उघडावं, आपल्या शाळेच्या गल्लीचा इतिहास विचारावा, आणि आलेल्या उत्तरातल्या चुका मुलांनी शोधाव्यात. गल्ली त्यांची असल्यामुळे त्यांना त्या सापडतात, आणि फार आनंदाने सापडतात.

आता तुमच्या गळ्यातली जबाबदारी. ती आहे, नाही म्हणत नाही, पण ती पेलता येते. पडदे मध्याकडे वळवल्याने अर्धं काम झालं. पाठीमागे बाई फिरताहेत हे माहीत असलेलं मूल सहसा भलतीकडे जात नाही. राउटरमध्ये डीएनएसच्या (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या सेवेच्या) जागी क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.३ हा पत्ता घालून घ्या. तो फुकट आहे आणि अश्लील व घातक संकेतस्थळं अडवतो. सगळी नाही अडवत, आणि हुशार मूल त्यातूनही वाट काढतं, हे धरून चाला. जोडणी वायरने द्या, वायफाय नको. वायफायचा पासवर्ड संध्याकाळपर्यंत अख्ख्या चाळीला पाठ होतो. मुलांची स्वतंत्र ईमेल खाती काढू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. एजन्सीने ‘मुलांची यादी, जन्मतारखा आणि पालकांचे नंबर द्या, लॉगिन बनवतो’ म्हटलं तर तिथेच थांबवा.

नियम मुलांना एकच द्या. विचित्र काही दिसलं तर मॉनिटरचं बटण बंद करायचं आणि बाईंना हाक मारायची. सांगणाऱ्याला ओरडा बसणार नाही. हे दुसरं वाक्य पाळणं शिक्षकांना कठीण जातं, तेव्हा त्यांच्याशी आधी बोलून घ्या. एकदा एका मुलाला चारचौघांत झापलं की बाकीची एकोणचाळीस कायमची गप्प होतात, आणि मग घरी मोबाइलवर कुणी फोटो मागितला, धमकावलं, तरी ती तुमच्यापर्यंत येत नाहीत. खरा धोका तुमच्या खोलीपेक्षा त्या मोबाइलमध्ये जास्त आहे. भिंतीवर मुलांच्या मदतीचा १०९८ आणि सायबर गुन्ह्यांचा १९३० हे नंबर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या.

धास्तावलेल्या पालकांना सूचनापत्र पाठवून उपयोग नाही. शनिवारी संध्याकाळी खोलीतच बोलवा. पालकांना खुर्चीत बसवा, मुलांना शेजारी उभं करा, मुलांनी दाखवावं. कित्येक आयांनी माउस पहिल्यांदा तेव्हाच हातात धरलेला असतो. इंग्रजी शाळांशी बरोबरी करणाऱ्यांनाही त्याच दिवशी बोलवा.

एजन्सीला नकार द्या. पैशांचा प्रश्न आहेच. अनुदानित शाळेत आठवीपर्यंतच्या मुलांकडून अशी महिना फी घेणं लेखी परवानगीशिवाय अंगाशी येऊ शकतं. पण पैसे माफ केले तरी मी नकोच म्हणेन, कारण किल्ली त्यांच्या माणसाकडे जाते. तो माणूस कमी पगारावर असतो, बरी नोकरी मिळाली की जातो, आणि तुमच्या शिक्षकांना तोवर एवढंच कळलेलं असतं की संगणक हे आपलं काम नाही. त्यापेक्षा तुमच्याच दोन शिक्षकांचे आठवड्यातले दोन-दोन तास कमी करा आणि खोली त्यांच्यावर सोपवा. एक तरुण असू दे, दुसरा शाळेत वजन असलेला. दोघांनी एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम केलेला असेलच, तो वर्षानुवर्षं चालू आहे आणि महाराष्ट्रात ते प्रमाणपत्र नसलेला शिक्षक शोधावा लागतो. प्रमाणपत्राने सगळं येतं असं नाही, पण भीड चेपलेली असते. देणगीदारांतल्या एखाद्याने महिन्यातून एक शनिवार येऊन दुरुस्ती बघावी, ही अट देणगीतच घाला. वीस यंत्रांपेक्षा तो शनिवार जास्त उपयोगी पडेल.

खोली निवडताना तळमजला नको. तुमच्या भागात पाऊस काय करतो ते तुम्हाला सांगायला नको. वरचा मजलाही नको, गच्ची गळते. मधला घ्या. इमारत जुनी असेल तर वायरमनकडून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका) आणि अर्थिंग तपासून घ्या. दहा यंत्रं मिळून एक ते दीड किलोवॅट ओढतात. एका एक्स्टेन्शन बोर्डावर दुसरा टोचून ते चालवू नका. मंजूर भार किती ते बेस्टच्या वीजबिलावर पाहा. वायरी जमिनीवरून न नेता भिंतीवर पीव्हीसी पट्टीतून न्या, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत उंदीर फडशा पाडतात. एसी लागत नाही, पंखे आणि उघड्या खिडक्या पुरतात. आणि ती चपलांची पाटी पावसाळ्यात ठेवा हवी तर. एरवी चाळीस मुलांच्या चपला काढण्यात-घालण्यात जोडतासातली दहा मिनिटं जातात.

राहता राहिलं उद्घाटन. अध्यक्षांना नाही म्हणू नका, तारीख मात्र वर्षभर पुढे ढकला. कारण हे द्या की नाताळच्या सुट्टीत वायरिंग होईल, मार्चपर्यंत शिक्षकांचा हात बसेल, जूनमध्ये मुलं सुरू करतील. पुढच्या २६ जानेवारीला फीत कापताना भिंतीवर अख्ख्या पावसाळ्याचा आलेख लावलेला असेल आणि पाहुण्यांना तो सातवीतली मुलगी समजावून सांगेल. अध्यक्षांना फोटो तोच जास्त आवडेल, असं त्यांना माझ्या नावाने सांगा.